तेरावी जर्सी

वेलिझारच्या डाव्या बुटाचा तळ फक्त बाहेरच्या कडेने झिजतो. उजवा सगळीकडून सारखा झिजतो. दोन्ही बूट एकाच दिवशी घेतलेले. तो चालताना डाव्या गुडघ्याची आतली बाजू वाचवतो, आणि हे त्याच्या स्वतःच्या लक्षात आलेलं नाही.

मी आमच्या राष्ट्रीय बास्केटबॉल संघाची डॉक्टर. माँटेनेग्रो हा आमचा देश एवढासा, की संघातल्या निम्म्या मुलांच्या आया मला बाजारात भेटतात. वेलिझार कप्तान आहे. सराव संपला की सगळ्यांच्या शेवटी तो माझ्या टेबलावर येऊन आडवा होतो. बायको मुलींना घेऊन जर्मनीत राहते. इथे राजधानीत, पोडगोरित्सातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये कुणी नसतं. गुडघ्यावरच्या पिशवीतल्या बर्फाचं पाणी झालं तरी तो उठत नाही.

"डॉक्टर, गुडघा विकायला काढलाय," काल तो म्हणाला. "गिऱ्हाईक बघा."

"अख्खा कोण घेणार? सुटे भाग करावे लागतील."

तो हसला. मग छताकडे बघत म्हणाला, "संघात नसलो तर मला फोन कोण करणार?"

मी पिशवीत नवा बर्फ भरला. माझ्या घरीही फोन फारसा वाजत नाही.

खेळणं थांबव, हे मी त्याला वसंतातच सांगितलं होतं. गुडघ्यातली गादी जवळजवळ संपली आहे. आणखी एकदा वाईट पडला तर नीट चालताही येणार नाही. तो म्हणाला, "प्रशिक्षक ल्युबिशा आहे. त्याला सांगू दे." ल्युबिशाकडे गेले, तर तो खिडकीबाहेर बघत राहिला. "मी कसं सांगू? कूम आहे तो माझा."

ल्युबिशाच्या मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी वेलिझारने धर्मपिता म्हणून हातांवर घेतलं होतं. तेव्हापासून दोघे एकमेकांचे कूम. आमच्याकडे सख्ख्या भावाशी वर्षानुवर्षं अबोला धरता येतो, कूमचं मन मोडता येत नाही. उन्हाळा गेला, डोंगरांवर बर्फ पडला. दोघे रोज सकाळी समोरासमोर बसून कॉफी पीत, आणि ल्युबिशाच्या आईने यंदा हॅमला धूर जास्त दिला की कमी, यावर वाद घालत.

आजचा सामना हरलो तर आमची पात्रता फेरी संपेल. सरावाला तेरा खेळाडू असतात, सामन्याला बाराच चालतात. कुणाला वगळलं ते आमच्या संघात कधी बोलून दाखवत नाहीत. प्रशिक्षक स्वतः बाकांवर जर्सी मांडतो. ज्याची जागा रिकामी, तो मुकाट्याने प्रेक्षकांत जाऊन बसतो.

दुपारी मी पट्ट्या घेऊन आत गेले तेव्हा सगळे आपापल्या जर्सीसमोर उभे होते आणि कुणीच ती घालत नव्हतं. मी मोजल्या. तेरा होत्या.

"कोच, नियम बदलला का?" दुशानने विचारलं. संघात वयाने तो सगळ्यांत लहान; रिकामी जागा आपलीच असणार असं समजून तो आला होता.

"मोजण्यात चुकलो असेन," ल्युबिशा म्हणाला. आमच्याकडे पाठ करून तो फळ्यावरच्या पुसलेल्या रेषा पुन्हा पुसत होता. संघाकडे येण्याआधी तो शाळेत गणित शिकवायचा.

दुशानने आपली जर्सी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

वेलिझार कोपऱ्यातल्या बाकावर बसला होता. त्याने आपली जर्सी मांडीवर घेतली, हाताने सपाट केली, नंबर वर येईल अशी घडी घातली. उठताना त्याने उजव्या पायावर जोर दिला. आज त्याने दुखणं लपवलं नाही. चालत तो फळ्यापाशी गेला.

"कूम, वळ इकडे."

ल्युबिशा वळला. वेलिझारने घडी त्याच्या हातात ठेवली.

"आज मी खेळणार नाही," तो म्हणाला. "आणि यापुढेही नाही."