लोनप्पनच्या मांडीवरचा थर्मास

मी थर्मास बोलतोय. चहाचा उंच, सडपातळ थर्मास नव्हे हं. मी बुटका, रुंद तोंडाचा, आत हात घालून घासता येईल असा. आत आलेलं गरम ठेवायचं आणि तोंड घट्ट मिटून बसायचं, एवढंच माझं काम. त्यातलं तोंड मिटून बसणं मला फार जड गेलं, म्हणून आज बोलतोय.

माझा जन्म कारखान्यातला. त्याची फुशारकी काय मारायची? पत्र्याच्या दोन भिंती आणि त्यांच्यामधली हवा काढून घेतलेली. त्या पोकळीवरच माझा सगळा रुबाब. त्रिशूरच्या एका भांड्यांच्या दुकानात थ्रेसियानं मला पाहिलं, तर दुकानदाराच्या शब्दावर तिचा विश्वासच बसेना. "गरम राहतं म्हणता ना? मग कढत पाणी भरून ठेवा. मी मासळी घेऊन येते आणि बघते." ती आली, झाकण काढलं, बोट घातलं आणि "आई गं!" म्हणून ओरडली. बोट फुंकतच तिनं मला घरी नेलं.

मला घेतलं होतं तिच्या नवऱ्यासाठी. लोनप्पन एका सोन्याच्या पेढीचा फिरता विक्रेता. दागिन्यांची पिशवी घेऊन गावोगावच्या सराफांकडे जायचं, माल दाखवायचा, मागणी घ्यायची. आठवड्यातले बरेच दिवस मुक्काम लॉजवर. सोनं खोलीत टाकून जेवायला जाता येत नाही, म्हणून खालून जे वर येईल ते खायचं. म्हणजे परोटा आणि बीफ. दुकानात शिरलं की गोडमिट्ट चहा, सौदा जमला की बिर्याणी. त्याला खादाड म्हणू नका. त्या धंद्यात समोर आलेल्या ताटाला 'नको' म्हटलं तर समोरचा दुखावतो.

पण रक्तातली साखर कुणाची भीड ठेवते? डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "आतल्या नसा पाझरायला लागल्यात. पुढच्या तपासणीपर्यंत साखर खाली आली नाही, तर सोनं सोडा, बायकोचं तोंडसुद्धा नीट दिसायचं नाही."

लोनप्पनचं सगळं पोट डोळ्यांवर. दागिन्यावरचा बारीक शिक्का वाचायचा, झुमक्याला झुमका जुळवायचा. पेढीच्या मालकाला कळलं असतं तर पिशवी दुसऱ्याच्या हातात गेली असती.

थ्रेसियानं त्याला सगळं शिकवलं. "सकाळी लॉजमधल्या विजेच्या किटलीत पाणी उकळा. आधी थर्मास त्या पाण्यानं तापवून घ्या, ते पाणी ओतून द्या. मग भिजवलेले मूग, गव्हाचा भरडा, शेवग्याची पानं आणि वरून उकळतं पाणी. झाकण लावा आणि दुपारपर्यंत हात लावू नका. पेज तयार. सोबत खोबऱ्याची चटणी देतेय."

"अगं, सोनं विकणारा माणूस पेज पितो म्हटल्यावर लोक काय म्हणतील? आजारी आहे, नाहीतर भिकेला लागलाय!"

"म्हणू देत. लोक काठी धरून चालवायला येणार आहेत का तुम्हाला?"

तो मला घेऊन निघाला खरा. पेज मी मन लावून शिजवली, मूग अगदी मऊ केले. दुपारी त्यानं झाकण उघडलं, वास घेतला आणि सगळी पेज बेसिनमध्ये ओतली. मला काय वाटलं असेल? संध्याकाळी थ्रेसियाचा फोन.

"अहो माणसा, पेज प्यायलात का?"

"प्यायलो गं. चाटूनपुसून!"

मी शेजारीच होतो, रिकामा. असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे, पण मुगांनी बेसिन तुंबलं. लॉजचा मॅनेजर वर येऊन कडाडला, "कुणाच्या घरची पंगत आहे ही बेसिनमध्ये?" त्यानंतर स्वारी मला भरायचीच नाही. फोनवर मात्र 'प्यायलो' चालूच.

मग पेरिंतलमण्णा गावात ती गोष्ट घडली. तिथल्या बसस्टँडसमोर कुंजालवी हाजींचं दागिन्यांचं दुकान. म्हातारा मोठा दिलदार, तितकाच तिखट. लोनप्पननं त्यांच्यापुढे झुमक्यांची जोडी ठेवली. हाजींनी उचलली, बघितली, पुन्हा बघितली. "काय रे गड्या, आमच्या सुनेनं एका कानात मोर घालायचा आणि दुसऱ्यात कमळ?" सगळं दुकान हसलं. लोनप्पनही हसला. पण खोलीवर आल्यावर तो भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभा राहिला, एक डोळा झाकून. मग दुसरा झाकून. मग पलंगावर बसून त्यानं मूग भिजत घातले.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला भरलं. दुपारी खोलीचं दार लावून घेतलं आणि सगळी पेज प्याला. थेंबही ठेवला नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा कामाला आलो.

त्यानंतर तो नेमानं पेज पिऊ लागला, पण चोरून. बिर्याणी चुकवायला त्यानं नामी युक्ती काढली. ख्रिस्ती लोकांचा ईस्टरपर्यंतचा मोठा उपास चालू होता. तो हाजींना म्हणाला, "हाजीक्का, उपास आहे, मांस चालत नाही." उपास म्हटल्यावर हाजींनी लगेच ताट मागे घेतलं. पण ईस्टर आला आणि गेला, तरी याचा उपास सुटेना! हाजी डोळे बारीक करून म्हणाले, "आमच्या ख्रिस्ती कारकुनानं ईस्टरचा केक आणून आठवडे झाले. तुझा येशू अजून उठायचाय का रे?" लोनप्पन लाजून लाल झाला, पण खरं बोलला नाही. हाजी आणि पेढीचा मालक जुने दोस्त. एक फोन, की पिशवी गेली.

आता त्याची बसण्याची एक तऱ्हा झाली होती. सोनं नेहमीच्या कळकट पिशवीत, पट्टा मनगटाला बांधून पायाशी. आणि मी, पेज सांडू नये म्हणून मांडीवर, थ्रेसियानं शिवलेल्या नव्या पिशवीत. दोन्ही हातांनी धरलेला. बसस्टँडवरच्या एका चोरानं हे हेरलं. सोन्याचा माणूस कुठली पिशवी मांडीवर धरेल? भर दुपारी त्यानं झडप घातली आणि मला घेऊन पळाला!

लोनप्पन ओरडत मागे धावला, मनगटाची पिशवी पोटाशी आवळून. पायरीवर चोराचा पाय घसरला आणि मी दगडावर आदळलो. आतून काहीतरी तुटल्यासारखं वाटलं. लोकांनी चोराला धरलं, पोलीस आला, समोरच्या दुकानातून हाजी धावत आले.

"किती सोनं आहे आत?" पोलिसानं विचारलं आणि झाकण फिरवलं. वाफ आली. सगळ्यांनी डोकावून पाहिलं. मूग आणि भरडा.

स्टँडभर हशा पिकला. चोर तर रडकुंडीलाच आला. पोलीस म्हणाला, "अरे गड्या, पेजेसाठी एवढा जीव टाकून धावलास? मला वाटलं, सोनं गेलं!"

"सोनं मालकाचं आहे, साहेब. ते हाताला बांधलंय." लोनप्पनला धाप लागली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "पेज माझी आहे. ती गेली की माझे डोळे गेले."

मग तो हाजींकडे वळला आणि सगळं सांगून मोकळा झाला, नसा, झुमके, खोटा उपास, सगळं.  हाजींनी फोन काढून थेट पेढीच्या मालकाला लावला. लोनप्पननं मला असं काही आवळलं, की वाटलं आता दुसरीकडेही पोचा पडणार.

"तुझ्या माणसाच्या डोळ्यांवर इलाज चाललाय," हाजी फोनवर म्हणाले. "जोड्या आम्ही तपासून घेऊ. पण पिशवी याच्याच हातात दे. जो माणूस पेजसुद्धा चोराला नेऊ देत नाही, तो तुझं सोनं काय जाऊ देणार?"

मालक म्हणाला, "डॉक्टरांचा दाखला आणला तर पिशवी त्याचीच." पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, "गेली ती नजर परत येणार नाही. पण पुढचं जायचं थांबलंय. असंच चालू ठेवा." थ्रेसिया दवाखान्यातच रडली. मग घरी आल्यावर, बेसिनची गोष्ट त्यानंच सांगितल्यामुळे, नवऱ्याला पोटभर बोललीसुद्धा.

माझ्यात मात्र राम राहिला नाही. दगडावर आदळलो तेव्हा आतली पोकळी गेली. दुपारपर्यंत पेज थंड व्हायला लागली. थ्रेसियानं नवा थर्मास आणला, आणि मी स्वयंपाकघरातल्या फळीवर भरड्याचा डबा झालो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण फोन आता दुपारी होतो, आणि मी या, घरच्या बाजूला असतो. थ्रेसिया नुसतं 'प्यायलो' ऐकून घेत नाही. "ऐकवा," म्हणते. मग फोनमधून पेज भुरकल्याचा आवाज येतो, भुर्रर, भुर्रर. तो हाजींच्या दुकानात असला की मागून हाजी ओरडतात, "थ्रेसिया, संपवली बघ यानं! मी साक्षीला आहे. आणि ऐक, पुढच्या खेपेला माझ्यासाठीही मूठभर मूग जास्त पाठव."

तुम्हीही कामासाठी गावोगाव राहत असाल, आणि घरून कुणीतरी विचारत असेल, "जेवलात का नीट?" खोटं बोलू नका. तुमच्याजवळ जो कुणी मुकाट बसलेला असतो ना, त्याला फार लागतं हो ते.

थांबा, थ्रेसियानं माझं झाकण काढलंय. दोन मुठी भरडा घेतेय. म्हणजे उद्या लोनप्पन निघाला.