बसलीच आहेस तर

सर्वोत्तम एजंट म्हणून निवडल्या गेलेल्या एका धडधाकट माणसाला मी परवा पत्र टाइप केलं: ‘आपल्या निधनाबद्दल हार्दिक अभिनंदन.’ लिहायचं होतं ‘निवडीबद्दल’. तो माणूस पत्र घेऊन स्वतःच्या पायांनी आमच्या विमा कार्यालयात आला. साहेबांनी त्याला बसवलं आणि मला उभं केलं.

‘आणखी एक चूक झाली, की तुमचं टाइपिंग बंद. तळघरात जुन्या फायली लावत बसायचं,’ ते म्हणाले.

अठरा वर्षं बोटं झिजवून मिळवलेली खिडकीजवळची खुर्ची आहे ती. ती गेली तर माझी उरलेली वर्षं तळघरातल्या धुळीत जाणार, एवढं मला कळत होतं.

ऑफिसच्या डॉक्टरांनी माझी पापणी खाली ओढून पाहिली आणि निदान केलं: दमणूक. उपाय? घरी गेल्यावर रोज अर्धा तास नुसतं बसायचं. काही म्हणजे काही करायचं नाही. डॉक्टरांचं लग्न झालेलं नसावं.

पहिल्या संध्याकाळी मी कोचावर टेकले. नवरा शर्ट घेऊन हजर. ‘बसलीच आहेस तर एवढं बटण लावून दे.’

दुसऱ्या दिवशी लेक. ‘आई, बसलीच आहेस तर माझा निबंध तपास ना.’ विषय होता श्रमाचे महत्त्व. चार चुका निघाल्या, पाचवी मी स्वतः घातली असणार.

तिसऱ्या दिवशी सरळ खोलीचं दार लावून आडवी झाले. पाच मिनिटांनी नवऱ्याने दार ढकललं आणि काळजीने विचारलं, ‘झोप लागली का गं?’

‘लागली होती.’

‘बरं, जागीच आहेस तर इस्त्री कुठे ठेवलीय?’

चौथ्या दिवशी मी ‘माननीय’च्या जागी ‘मारणीय’ टाइप केलं. पाकीट चिकटवताना दिसलं म्हणून वाचले, पण मला खरोखर भीती वाटली.

त्या संध्याकाळी कोचापर्यंत जायचंही त्राण नव्हतं. सासूबाई जमिनीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्यांच्याशेजारीच मी बसकण मारली. रोज सात ते आठ त्यांचं हेच चालतं, आणि तेवढा वेळ त्यांना घरात कुणी हाक मारत नाही. वाटीभर तांदळाला तास लावणाऱ्या या बाईबद्दल मी मनातल्या मनात काय काय बोललेय, ते इथे लिहीत नाही.

सहज ताटात पाहिलं. तांदूळ पांढराशुभ्र. त्यांची बोटं ढीग डावीकडून उजवीकडे सरकवत होती. संपला, की उजवीकडून डावीकडे.

‘आई, आपला तांदूळ निवडलेलाच येतो ना? यात खडा कुठाय?’

‘हळू बोल,’ त्या पुटपुटल्या. ‘खडा कसा असेल? दोन महिने हाच तांदूळ निवडतेय मी.’

तेवढ्यात आतून नवऱ्याचा आवाज आला, ‘अगं, बसलीच आहेस तर...’

सासूबाईंनी ताट झटकन आम्हा दोघींच्या मध्ये सरकवलं.

‘ती कामात आहे रे!’ त्या खणखणीत ओरडल्या. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, ‘मीट डोळे. बोटं तेवढी हलती ठेव.’