खाली म्हणजे

मल्लेश्वरमच्या हॉटेलात वेटरने विचारलं, "खाली दोसे?" वसुमती पर्स उचलून जिना शोधू लागली.

मारतहळ्ळी. होसहळ्ळी. कोडिगेहळ्ळी.

तुरीचा डबा खाली.

काळा पडदा, पांढरी अक्षरं: असं पार्टिशन नाही.

ळच्या खाली ळ, की ळच्या शेजारी ळ?

वर

वरच्या मजल्यावर श्रीधरराव आणि तुंगाबाई. घराणं इतक्या पिढ्या बेंगळुरात आहे की त्यांच्या मराठीत 'रिकामं' हा शब्दच उरलेला नाही. कन्नडमध्ये म्हणतात तसं, जे रिकामं ते खाली. डबा खाली, बस खाली. खाली दोसे म्हणजे आत भाजी नसलेला.

खाली

तळमजल्यावर त्यांची सून वसुमती, पुण्याची. ती पुढच्या खोलीत बसून अक्षरं काढते: संगणकावर वापरायचा देवनागरी फॉन्ट. इथल्या मराठी मंडळींच्या त्रैमासिकाचा पुढचा अंक तिच्या अक्षरांत निघणार होता. फॉन्ट सोमवारी द्यायचा होता.

पुण्यात ळ्ळ कुणाला लागतं? इथे प्रत्येक पत्त्यात लागतं. एकाखाली एक ळ घातला की ओळ फुगायची. शेजारी घातला की दोघे भांडून बसल्यासारखे दिसायचे. शुक्रवारी संध्याकाळी पहिल्यांदा ते दोघे एकमेकांना टेकून नीट बसले. बाकीची अक्षरं तिने पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवली होती. ळ्ळ फक्त लॅपटॉपमध्ये होतं.

वर आणि खाली

लॅपटॉप एकच. सकाळी तो वर जाऊन विंडोजमध्ये सुरू होतो आणि अप्पा, म्हणजे श्रीधरराव, लग्नामुंजींचे फोटो लावत बसतात. दुपारी तो खाली येऊन लिनक्समध्ये सुरू होतो. डिस्कचे दोन भाग, म्हणजे पार्टिशनं, वसुमतीनेच पाडले होते आणि इंग्रजी अक्षरांत त्यांना नावं दिली होती. अप्पांचा भाग 'वर'. तिचा 'खाली'.

शनिवारी सकाळी अप्पांची जागा संपली. त्यांनी व्हिडिओ पाहून एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं. त्यात डिस्कचे तुकडे रंगीत पट्ट्यांसारखे दिसत होते. एका लांबलचक पट्टीवर लिहिलं होतं: खाली.

"बघ गं, एवढी जागा खाली आहे आणि हा उगाच रडतोय," ते तुंगाबाईंना म्हणाले. त्यांनी पट्टी काढून टाकली. सॉफ्टवेअर म्हणालं, आता पुन्हा सुरू करा, मग ही जागा तुमच्या भागाला जोडतो. त्यांनी लॅपटॉप पुन्हा सुरू केला.

असं पार्टिशन नाही.
ग्रब रेस्क्यू>

ग्रब म्हणजे दारात उभा राहून 'कोण हवंय, विंडोज की लिनक्स?' विचारणारा प्रोग्राम. त्याचं सगळं बिऱ्हाड वसुमतीच्या भागात होतं. ते गेल्यावर तो दोघांचंही दार उघडेना.

"वसू, स्वल्प वर ये," अप्पांनी जिन्यातून हाक मारली.

ती आली. पडदा पाहिला.

"अप्पा, काय काढलंत?"

"काही नाही. खाली होतं तेवढंच काढलं."

"खाली माझं होतं!"

"तुझं कसं? स्पष्ट लिहिलेलं की, खाली."

"अहो, खाली म्हणजे खाली! मी बसते ते!"

तुंगाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "हिला मी डबा खाली कर म्हटलं, तर ही डबा घेऊन जिना उतरली. तेव्हाच पाटी लावायला हवी होती."

वसुमती हसली नाही. "ळ्ळ त्यात होतं," ती म्हणाली.

तुंगाबाईंचं हसू थांबलं. अप्पा लॅपटॉपपासून खुर्ची मागे सरकवून बसले.

"जागा जोडली का तुम्ही?"

"जोडणार होतो. त्याआधीच हा काळा झाला."

"बरं झालं. आता कुणी हात लावायचा नाही."

कारण पार्टिशन काढलं तरी आधी फक्त दारावरची पाटी जाते. तिथे दुसरं कुणी राहायला येत नाही तोवर आतलं सामान जागेवर असतं.

पेन ड्राइव्ह

लिनक्स बसवताना वापरलेला पेन ड्राइव्ह शोधणे. तो लावून लॅपटॉप त्याच्यावरून सुरू करणे. हरवलेली पार्टिशनं हुडकणारा प्रोग्राम चालवणे. वाट पाहणे.

"पेन ड्राइव्हवर चालतोय म्हणजे बरा झाला ना?" अप्पा.

"नाही. सलाईनवर आहे."

"सरी, सरी," कळल्यासारखी मान हलवत अप्पा म्हणाले.

टक्के हळूहळू वर चढत होते. तुंगाबाईंनी चित्रान्न, लिंबू पिळलेला फोडणीचा भात, आणून ठेवलं, कुणी घेतलं नाही. मग एक हिरवी ओळ उमटली, तिच्या शेवटी इंग्रजीत: खाली. वसुमतीने आतल्या फायलींची यादी उघडली. शुक्रवारची फाइल होती. तिने आधी ती दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवली, मग उघडली.

दोन ळ एकमेकांना टेकून बसलेले होते.

"माझं वरचं नाही आलं तरी चालेल," अप्पा म्हणाले.

"असं कसं? सोनाक्काच्या मुंजीतले फोटो आहेत त्यात," तुंगाबाई म्हणाल्या.

"सोनाक्काची कसली मुंज? तिच्या मुलाची."

वसुमतीने पार्टिशन परत लिहिलं, पेन ड्राइव्ह काढला. पुन्हा ग्रब रेस्क्यू. पण आता तिला कारण दिसत होतं. परत आलेल्या भागाला पाचऐवजी सहा नंबर मिळाला होता आणि ग्रब बिचारा पाचाचंच दार वाजवत होता. तिने त्याला नवा पत्ता टाइप करून दिला. पडदा क्षणभर कोरा झाला. मग विचारणा आली: विंडोज की लिनक्स?

"आधी तुझं उघड," अप्पा म्हणाले.

तिने उघडलं आणि सगळ्यांत आधी ग्रबचा पत्ता कायमचा नोंदवला. मग भागाचं नाव बदलायला घेतलं.

"आता काय ठेवू? 'तळ'?"

"तळ म्हणजे मला तळलेलं वाटेल," तुंगाबाई म्हणाल्या. "केळगे ठेव. कन्नडमध्ये खाली म्हणजे केळगे. ते पुसायची यांची हिंमत नाही."

"आणि वरचं?"

"वर राहू दे," अप्पा चित्रान्नाची बशी ओढत म्हणाले. "वर सगळ्यांना कळतं."

वसुमतीने टाइप केलं: केळगे. चित्रान्न गार झालं होतं. तिघांनी ते संपवलं.

बेळ्ळंदूरची नोकरी सोडून वसुमतीने ऑफिसचा लॅपटॉप परत केला, तो त्याआधीच्या मार्चमध्ये; तेव्हापासून वर आणि खाली मिळून लॅपटॉप एकच.