पंधरा-सोळाचं कुलूप

मी डीकोडर बोलतोय. नखाएवढा आहे आणि एका छोट्या रेल्वे इंजिनाच्या पोटात राहतो. इंजिनाला खेळणं म्हणू नका, ऑस्ट्रेलियातल्या गोलबर्नच्या मॉडेल रेल्वे क्लबातली म्हातारी मंडळी अंगावर येतील. रुळातून आलेला हुकूम मी वाचतो, मोटर फिरवतो, दिवे लावतो. कोणता दिवा कोणत्या बटणाने लागायचा, ते माझ्यातल्या कप्प्यांत आकड्यांनी लिहिलेलं असतं.

माझे आकडे लिहिले क्लॅरी हॅनाफर्डने. चाळीस वर्षं खऱ्या मालगाड्या हाकलेला ड्रायव्हर. त्याच्या घराचं मागचं कुंपण रुळाला लागूनच. परतताना तिथे आला, की तो इंजिनाचा पुढचा दिवा दोनदा मंद करायचा आणि आत त्याची बायको जॉयस चहाचं आधण ठेवायची. निवृत्त झाल्यावर तीन दुपारी खपून त्याने तोच दिवा माझ्या कप्प्यांत उतरवला. किती चुकला, मला किती शिव्या घातल्या! पण दिवा बरोबर दोनदा मंद झाला, तेव्हा मला जन्माला आल्याचं सार्थक वाटलं.

पुढे क्लबात गोंधळ झाला. सेक्रेटरी बॅझने एका इंजिनाला नंबर देताना भलतंच बटण दाबलं. रुळावर उभ्या अकराही इंजिनांना एकच नंबर मिळाला आणि सगळी वरात एकदम निघाली. मी आणि माझं इंजिन नशिबाने खोक्यात होतो. क्लॅरीने घरी येताच मला कुलूप घातलं. माझ्या पंधराव्या आणि सोळाव्या कप्प्यात एकच आकडा जुळला, तरच माझ्यात काही नवं लिहिता येतं. त्याने ते दोन आकडे वेगळे करून ठेवले. कागदावर टिपलं नाही. "डोक्यात आहे," म्हणाला.

त्या डोक्यानेच पुढे दगा दिला. गेल्या जूनमध्ये त्याला वृद्धाश्रमात हलवायचं ठरलं, सोमवारी. त्याआधीच्या शनिवारी क्लबाचं प्रदर्शन होतं. दारं दहाला उघडणार होती. साडेनऊला क्लबात बॅझ आमच्यापाशी आला.

"क्लॅरी, तुझा नंबर एकतीस आणि माझ्या नव्या इंजिनाचाही एकतीस. एक बटण दाबलं की दोन्ही सुटतील. तुझा बदलतो, दोन मिनिटांचं काम."

आकडे लिहायचा एक छोटा रूळ वेगळा असतो. तिथे ठेवून त्याने मला हाक मारली. पण कुलूप असलं की त्या रुळावर मला हूं की चूं करता येत नाही. त्याने पुन्हा हाक मारली, मग तिसऱ्यांदा.

"मेलाय हा," बॅझ म्हणाला. "कुलूपबिलूप घातलं होतंस का रे?"

"कसलं कुलूप?" क्लॅरीने विचारलं.

"मग मेलाच. नवा बसवतो."

मी घाबरलो. नव्या डीकोडरनेही दिवा लागला असता, पण जॉयससाठीचा तो निरोप माझ्याबरोबर कचऱ्यात गेला असता. बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनंही खपत नाही. बॅझने इंजिनाचं झाकण काढलं. बाहेर रांग लागली होती, सॉसेज आणि कांद्याचा वास आत येत होता. त्याचा कटर माझ्या पांढऱ्या तारेवर टेकला. पुढच्या दिव्याची तार तीच.

"ए!" क्लॅरी ओरडला. "ड्रायव्हरला न विचारता इंजिनाला हात लावतोस? मोठ्या रुळावर ठेव आधी. मेलंय की नाही, ते मी सांगेन."

"म्हाताऱ्या, वीसच मिनिटं उरलीत!"

"मग पंधरा उरू देत."

बॅझने कपाळावर हात मारला, पण झाकण बसवून मला रुळावर ठेवलं. कुलूप लिहिण्याला होतं, धावण्याला नव्हतं. मी धावलो.

"अरेच्चा!" बॅझ म्हणाला. तरी कटर त्याच्या हातातच होता.

क्लॅरीने एक बटण दाबलं, मागचे लाल दिवे लागले. दुसरं दाबलं, केबिनमध्ये उजेड झाला. मग त्याचा अंगठा हवेतच राहिला.

"जॉयस, काय शोधत होतो गं मी?"

शेजारच्या खुर्चीत बसलेल्या जॉयसने पर्स घट्ट धरली. बटण कोणतं, ते तिलाही ठाऊक नव्हतं. मला सगळं ठाऊक होतं आणि मी सांगू शकत नव्हतो.

वळणावर क्लबवाल्यांनी एक इवलंसं घर मांडलंय, मागे कुंपण आहे. आम्ही तिथे पोचलो. क्लॅरीने बटणांवरची नजर काढली आणि कुंपणाकडे पाहिलं. अंगठा आपोआप सहा नंबरवर गेला.

मी दिवा मंद केला. पुन्हा एकदा केला.

जॉयस ताडकन उठली. "आले, आले! ठेवते पाणी," म्हणाली आणि डोळे पुसत क्लबाच्या किटलीकडे गेली.

"बघ, पोचलो घरी," क्लॅरी बॅझला म्हणाला.

बॅझने कटर खिशात घातला आणि गुपचूप आपल्याच इंजिनाला बत्तीस नंबर दिला.

आता दर शनिवारी जॉयस त्याला वृद्धाश्रमातून क्लबात आणते. कधी तो मला ओळखतो, कधी नाही. कुलपाचा आकडा मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही. पुढे कधी माझं इंजिन तुमच्या हाती आलं आणि मी हाकेला ओ दिली नाही, तर लगेच तार कापू नका. रुळावर ठेवा, आणि मला कुंपणापर्यंत जाऊ द्या.