स्पॉट नंबर चार

मुलांना नाव दिसू नये म्हणून भिंतीकडे वळवलेल्या चार नंबरच्या बरणीवरच्या चिठ्ठीचा कोपरा सुटला होता. पितांबर सरांनी तो अंगठ्यानं दाबला — डिंक वाळलेला, कोपरा पुन्हा वर आला... 'पेट्रोमायझॉन', आतल्या माशाचं नाव. जांभळी शाई, आपलंच अक्षर. धुळ्याच्या या कॉलेजात लागलो त्या वर्षी, जुनी चिठ्ठी फाटली म्हणून लिहिलेलं. फॉर्मेलिननं डोळे चुरचुरत होते. प्रॅक्टिकलची परीक्षा अजून अर्धी बाकी होती.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी यशोदाच्या पेपरवर लाल फुली मारली.

"चार नंबर चूक. पेट्रोमायझॉनऐवजी मिक्झिन का लिहिलंस?"

साक्रीकडच्या डोंगरातली मुलगी, वर्गात वर्षभर गप्प बसलेली. "सर, याले डोयाच नहीत..." ती दचकली, सावरली. "डोळे नाहीत, सर. तोंडाभोवती मिशा आहेत. कल्ल्याचं छिद्र एका बाजूला एकच. पेट्रोमायझॉनला सात असतात, आणि तोंड वाटीसारखं गोल."

परीक्षक हसले. "ऐकलंत, पितांबर सर?"

सर वाकले. मिशा होत्या. डोळ्यांच्या जागी नुसती कातडी... दोघेही बिनजबड्याचे, दोघेही सायक्लोस्टोमाटा, आणि त्यांच्यातल्या फरकांचा तक्ता दर वर्षी फळ्यावर मीच काढतो — पण बरणीत कधी पाहिलं? चिठ्ठी होती ना, मग पाहायचं कशाला... आणि भटू. चौऱ्याऐंशीची बॅच. तोही हेच म्हणाला होता, इथंच उभा राहून, आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो होतो, आधी नीट वाचायला शिक. दोन मार्कांनी नापास झाला. परत आलाच नाही. अमळनेरला कुठल्याशा गोदामात हमाली करतो म्हणे.

"तिचं बरोबर आहे," ते म्हणाले. आवाज परका वाटला. "चिठ्ठी चुकीची आहे. मी लिहिलेली."

परीक्षकांनी एकदा त्यांच्याकडे, एकदा बरणीकडे पाहिलं. फुली खोडली, मार्क दिले. यशोदा मान खाली घालून निघून गेली.

आता हलकं वाटायला हवं होतं. वाटेना. संध्याकाळी अमळनेरची एसटी आहे... जावं? जाऊन काय सांगायचं — तुझा मासा बरोबर होता? त्याला ते आठवत तरी असेल का? आणि आठवत असलं तर?

पुढची मुलगी समोर येऊन उभी राहिली. सरांनी आता तिला प्रश्न विचारायचा होता, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना समोरच्याच्या उत्तराची भीती वाटत होती — ती भीती जाऊ नये, असंही कुठंतरी वाटत होतं...