मानाचा झगा

ऑक्टोबरात थंडी मातीत उतरायच्या आधी शेजारच्या तमाराच्या फावड्याचा आवाज यायचा, खसक् खसक्, आणि मला कळायचं, ती द्राक्षवेल पुरते आहे. कॅनडातल्या या लव्हालचा हिवाळा उघड्या वेलीला जगू देत नाही. म्हणून ती वेल मांडवावरून उतरवून जमिनीवर झोपवायची आणि तापानं फणफणलेल्या लेकरावर गोधडी ओढावी तशी तिच्यावर माती ओढायची. वर बर्फ पडला की तिथे उंचवटा दिसायचा. मेमध्ये ती उकरायची.

ती रशियाच्या खालच्या जॉर्जियाची, मी साताऱ्याकडची. दोघींचं इंग्रजी मोडकं, म्हणून जमलं. मी मुलाच्या घरात राहणारी. ती स्वतःच्याच, पण मुलाच्या नावावर करून दिलेल्या घरात.

वाइनचा पेला ती मेलेल्यांच्या नावानं उचलायची, मी चहाचा कप. मग ती आपल्या देशाच्या जुन्या राजांना शिव्या घालायची. इराणच्या शहाचे मांडलिक ते. घरी क्रूस, दरबारात शहाचा धर्म; नावं दोन, मान एकच आणि तीही वाकलेली. शहा मानाचा झगा पाठवायचा, तो राजानं वेशीबाहेर जाऊन अंगावर घ्यायचा. मुलगा शहाकडे ओलीस ठेवायचा. तो परत यायचा तो शहाचा होऊन.

"म्हणजे घरी राजा, बाहेर नोकर," मी म्हटलं.

"नोकर नोकरी सोडू शकतो, सुमन. यांनी पोरं दिली होती."

मागच्या हिवाळ्यात तिचा मुलगा आला. लहानपणी तिला त्यांच्या भाषेत देदा म्हणायचा, आता फ्रेंचमध्ये मामाँ. घर विकलं होतं, वृद्धाश्रमात खोली घेतली होती, आणि तिच्यासाठी लाल लोकरीचा कोट आणला होता. गाडीतून उतरलाही नाही, हॉर्न वाजवला. मला वाटलं, ही आता फावडं घेऊन निघेल. ती घरातल्या सपातांवर बर्फात गेली, रस्त्यावर उभी राहून कोट अंगावर घेतला आणि मान झुकवली.

"तूसुद्धा?" मी नंतर विचारलं.

"नवा मालक वेल तोडणार नाही, असा शब्द दिलाय त्यानं. शहर जळू नये म्हणून राजा झगा घालायचा. इतकी वर्षं उगाच शिव्या दिल्या मी."

तिच्या चेहऱ्यावर तेव्हा फेब्रुवारीचं ऊन होतं. उजेड भरपूर, ऊब नाही.

एप्रिलमध्ये यंत्र आलं. वेल झोपेतच उपटली गेली, गाड्या लावायला तिथे डांबर झालं. मी तमाराला फोनवर सांगून टाकलं. गोड खोटं मला जमत नाही.

"कोट ऊबदार आहे," एवढंच ती म्हणाली.

उन्हाळ्यात ती गेली. मुलानं तिला त्याच कोटात पुरलं.

आता वेलीच्या जागी बर्फ सपाट पडतो. काळ सगळी जमीन अशीच सारखी करत जातो. उंचवटा उरतो तो बघणाऱ्याच्या डोळ्यात, आणि माझे डोळेही आता थकलेत.