पुढे खाली हाये

लीलाबाईंनी विहीणबाईंना शब्द दिला होता, की इंदूला सातव्या महिन्यात मी स्वतः शिवनीला आणून सोडीन, आणि तेही आमच्या घरच्या गाडीतून. शब्द देऊन त्या मोकळ्या झाल्या. मग इंदूनं भाजी निवडता निवडता हळूच सांगितलं, की यांच्या गाडीत मी बसणार नाही, बसनं जाईन.

'यांच्या' म्हणजे नीलकंठच्या. हा लीलाबाईंचा नातू. जबलपुरात सदरच्या स्टँडवर त्याची टॅक्सी. स्टिअरिंगवर हात चांगला, पण ॲक्सिलरेटरवर पाय जड. गाडीत बसला की अंगात वारं शिरायचं. नातसुनेचं म्हणणं लीलाबाईंना पटलंही आणि झोंबलंही. ज्याची बायको त्याच्या गाडीत बसत नाही, त्याच्या गाडीत जबलपूरनं काहून बसावं? आणि विहीण भानुमती काय कमी आहे? पोर बसमधून उतरलेली पाहिली तर सात गावं गाजवेल.

नीलकंठ म्हणाला, आजी, आता भिण्यासारखं काही राहिलंच नाही. स्टँडवरच्या साऱ्या गाड्यांत नवी डबी बसवली आहे. वेग वाढला की वाजते, उतार आला की वाजते, समोरचं वाहन जवळ आलं की वाजते. शिवाय या डब्या आपसात बोलतात. पुढच्या गाडीनं जोरात ब्रेक मारला, की मागच्या गाडीला वळणाअलीकडेच कळतं.

"डब्या बोलून राहिल्या, ठीक हाये," लीलाबाई म्हणाल्या. "तू ऐकून राहिला का?"

ते पाहायला त्या दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी जाऊन बसल्या. राइट टाउन सुटेपर्यंतच डबीनं डोकं उठवलं. स्कूटर जवळून गेली, टिंग. ऑटो आडवा आला, टिंगटिंग. गाय उभी, टिंगटिंगटिंग. मधूनच एक बाई गोड आवाजात म्हणे, कृपया सावधान. नीलकंठनं 'जी मॅडम' म्हणून गाण्याचा आवाज वाढवला आणि गाडी तशीच दामटली. स्टँडवर पाहिलं तर टिकाराम नावाच्या ड्रायव्हरनं डबीच्या तोंडात चक्क कापूस कोंबलेला.

लीलाबाईंना सगळं कळून चुकलं. ज्या कुकरची शिट्टी उठल्याबसल्या वाजते, त्याच्याकडे कोणती बाई पाहते? पोरांना डबीची सवय झाली होती, आणि सवय झालेल्या गोष्टीला कोणी भीत नाही, मग ती डबी असो की सासू. वर आणखी एक खोट आली होती. डबी आहेच राखणीला, असं मनात धरून पोरं आता रस्त्याकडेही आधीपेक्षा कमीच पाहत होती.

त्यांनी विचारलं, या बाईचा आवाज काढता येतो का? नीलकंठ म्हणाला, येतो, फोनवरून आपला भरता येतो.

झालं. नीलकंठला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं, फोन हातात घेतला. आधी सगळी फालतू टिंगटिंग बंद करायला लावली. तीनच गोष्टी ठेवल्या: वेग, उतार आणि पुढच्याचा ब्रेक. "रोज शिव्या दिल्या तर त्याही टिंगटिंगच होतात," त्या म्हणाल्या. "बोलायचं तर मोजकं, पण हाडात गेलं पाहिजे." मग घसा खाकरून एकेक भरलं. वेगासाठी: "नीलू, कोण मेलं तिकडे, काहून धावून राहिला?" ब्रेकसाठी: "थांब. समोरचा थांबला." आणि उतारासाठी: "पुढे खाली हाये, नीलू. पाहून घे."

नीलकंठनं कुठलं बटण दाबलं देव जाणे, पण आजीचा आवाज त्याच्या एकट्याच्या डबीत न जाता स्टँडवरच्या साऱ्या डब्यांत गेला. सकाळी सदरच्या बाजारात चांगले मिशीवाले ड्रायव्हर नीलू झाले. सवारी मागे बसलेली, आणि पुढून म्हातारी विचारते, कोण मेलं? लोक हसले, पण पाय उचलले गेले. टिकारामनं तर कापूस काढून टाकला. मॅडमला उलटून बोलता येत होतं. कुणाच्या आजीला कसं बोलणार?

इंदूही हसली. पण बसचं बोलणं काही सोडलं नाही.

आणि तेवढ्यात घोटाळा झाला. बरगीकडच्या उतारावर टिकारामची गाडी रस्ता सोडून रेतीच्या ढिगात घुसली. त्याला खरचटलंही नाही, नुसता दिवा फुटला. संध्याकाळी तो दारात येऊन उभा. म्हणाला, "अम्माजी, आप ही ने तो कहा, आगे खाली है. हमने सोचा रोड खाली है, तो दबा दी."

नीलकंठनं तोंड फिरवून हसू दाबलं. इंदू हसली नाही. तिनं आजेसासूकडे फक्त पाहिलं, आणि लीलाबाईंना त्या पाहण्यात शिवनीची बस दिसली.

पण हार मानतील तर त्या लीलाबाई कसल्या. म्हणाल्या, खालीला आम्ही खालीच म्हणतो. तुमच्या हिंदीनं त्याला रिकामं करून ठेवलं, त्याला मी काय करू? बोलायचं ते बोलल्या, टिकारामला चहा पाजला, आणि त्याच्याच समोर पुन्हा फोन घेतला. "उतार हाये. पाय ब्रेकवर ठेव." मग त्याला विचारलं, आता काय समजला? त्यानं पाय दाबून दाखवला. नंतर शेजारच्या हिंदी घरातली प्रतिमा बोलावली, तिलाही ऐकवलं. तिनंही तेच सांगितलं, तेव्हा कुठं त्यांनी फोन खाली ठेवला.

मग इंदूजवळ बसल्या. म्हणाल्या, "पोरी, मी मागे तुझ्या बाजूनं बसते. वाटेत तुले एकदा जरी भ्या वाटलं, तर लखनादौनले उतरू दोघी, अन् बसनं जाऊ. भानुमतीसमोर माझं नाक कापलं गेलं तरी चालेल."

असं बोलणं त्या घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं. इंदू बसली.

टिकाराम सवारी घेऊन त्याच रस्त्यानं पुढे निघाला होता. धूमा सुटलं तसा उतार आला. डबी बोलली, उतार हाये. नीलकंठचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. वळण जवळ आलं. समोर रस्ता मोकळा दिसत होता, आणि पूर्वीचा नीलकंठ असता तर आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहीन, मगच मानीन म्हणाला असता. तेवढ्यात पुढून आवाज आला: "थांब. समोरचा थांबला."

मागे लीलाबाईंनी तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. त्यांच्याआधी डबीतून त्याच बोलल्या होत्या.

नीलकंठनं विचार केला नाही. गाडी हळू केली, आणखी हळू केली, आणि वळणापलीकडे अलगद उभी केली. पुढे टिकारामची गाडी, आणि तिच्यापुढे चाक निखळलेली उसाची ट्रॉली, रस्ताभर आडवी. टिकारामनं खिडकीतून हात काढून दोन बोटांनी विजयाची खूण केली.

लीलाबाईंनी बाजूला पाहिलं. इंदू त्यांच्या खांद्यावर मान टाकून झोपली होती. गाडी थांबल्याचंही तिला कळलं नव्हतं. "पाह्य," त्या नीलकंठला हळू आवाजात म्हणाल्या, "याले म्हणतात गाडी चालवणं."

शिवनीला भानुमती दारातच उभी होती. लेकीला निरखून तिनं पहिला प्रश्न तोच विचारला, प्रवास कसा झाला. इंदू डोळे चोळत म्हणाली, मला कुठं माहीत, मी तर झोपले होते. लीलाबाईंनी पदर सावरला आणि मान एवढी ताठ केली, की चौकट ठेंगणी वाटावी. सारा किस्सा ऐकून भानुमतीनं आपल्या पोराच्या गाडीसाठीही तो आवाज मागितला.

"देईन," लीलाबाई म्हणाल्या. "पण आधी त्याले मराठी समजते का पाहा. नाहीतर खालीले वर समजायचा."

परतताना नीलकंठनं आरशात मागे पाहिलं. इंदूची जागा मोकळी होती. त्याला थोडं चुकल्यासारखं झालं. "आजी, गाडी खाली वाटून राहिली," तो म्हणाला.

"रिकामी म्हण," लीलाबाई म्हणाल्या. "अन् रिकामी काहून? मी बसली ना."